मध्यंतराआधीची चक्कर

परदेशी सिनेमाला मध्यंतर नसतं. ते आम्ही करतो.

हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. तिकडची माणसं म्हणे अडीच-तीन तास सलग बसून राहतात. आपल्याकडे ते जमणारं नाही. म्हणून सिनेमा आला की केबिनमधला ऑपरेटर तो एकदा आधी पाहून घेतो, मध्याच्या आसपास एक जागा शोधतो आणि तिथे खूण करून ठेवतो. त्या खुणेवर पडदा काळा होतो आणि दिवे लागतात. समुद्रापलीकडच्या त्या दिग्दर्शकाला कल्पनाही नसते, की त्याच्या गोष्टीचे दोन तुकडे कुठे करायचे हे ग्वाल्हेरच्या इंदरगंजमधल्या दोन माणसांनी ठरवलं आहे. त्या दोघांतली एक मी. दुसरे मोरे काका.

काकांनी हे काम मला शिकवलं. ते म्हणायचे, "मध्यंतर म्हणजे आराम नाही, अश्विनी. माणसाच्या हातात एक सवाल द्यायचा आणि त्याला चहाला पाठवायचं. जवाब आधीच दिलास तर तो परत येईल, पण मन टेंपोत बसून घरी निघून गेलेलं असेल."

मी एकतीस वर्षांची आहे. नोकरीच्या आठवणी लिहायला हे वय कमी आहे, मान्य. पण नऊ वर्षं मी दोन पडद्यांच्या त्या टॉकीजमध्ये वरच्या खोलीत काढली आहेत, आणि त्यातल्या एका शुक्रवारचं देणं माझ्याकडे बाकी आहे. कुठल्या साली लागले, कधी बढती मिळाली, हे सगळं गाळते. तो शुक्रवार सांगते.

त्याआधी माझ्याबद्दल एवढं सांगायला हवं की मी पत्रकांवर वाढले. आम्ही बिर्लानगरमध्ये मिलच्या लाईनीत राहायचो. मी शाळेत जाईपर्यंत मिल बंद पडली होती, बाबांची युनियन मात्र नाही. घरात खुर्च्या दोन आणि पत्रकांचे गठ्ठे वीस. कोऱ्या बाजूवर आई मला मराठी बाराखडी गिरवायला लावायची, आणि कागद उलटला की मागे जाड ठशात छापलेलं असायचं, 'साथियों, अब और नहीं!' कमळातला 'क' मला फार उशिरा भेटला, कामगारातला आधी. पत्रकाचं एक बरं असतं. त्यात दोनच बाजू असतात, आणि लिहिणारा नेहमी बरोबर बाजूला उभा असतो. मला वाटायचं, जगात उभं राहायला तेवढी जागा पुरते.

टॉकीजमध्येही मी तशीच होते. पाणी पिण्याचा कूलर बिघडला, की माझा अर्ज. साप्ताहिक सुट्टी रद्द झाली, की माझं पत्रक कँटीनच्या भिंतीवर. मॅनेजर सक्सेना साहेब मला समोर 'अश्विनी' म्हणायचे आणि पाठीमागे 'नेताजी'. मला त्यातलं दुसरं जास्त आवडायचं.

आता काम काय असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रिळं गेली, त्याला बरीच वर्षं झाली. आता सिनेमा एका डब्यातून येतो, कुलूप लावून. त्याची किल्ली मेलवर येते आणि आदल्या रात्रीआधी लागत नाही. त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं की ऑपरेटर बटण दाबतो आणि झोपतो. पण चित्र आणि आवाज हॉलमध्ये नीट पोचतात की नाही, हे केबिनमधून कधीच पूर्ण कळत नाही. केबिनला जाड काच असते. आवाजाचं तर विचारूच नका. पडद्यामागे तीन मोठे स्पीकर असतात, भिंतींवर बाकीचे. भिंतींवरून स्फोट, पाऊस, विमानं येतात. पात्रांचं बोलणं येतं ते फक्त पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून. म्हणजे मधला गेला तर जग दणाणत राहतं आणि माणसं मुकी होतात.

म्हणून आमच्याकडे 'चक्कर' असते. खेळ सुरू झाल्यावर एकदा आणि मध्यंतराच्या आधी एकदा ऑपरेटरने खाली जाऊन शेवटच्या रांगेमागे पाच मिनिटं उभं राहायचं आणि कान देऊन यायचं. आणि दोन चकरांच्या मधल्या वेळेत काही झालं तर गेटकीपर बन्ने भैया खालून टॉर्च दाखवायचे. टॉर्च गोल फिरवला, तर चित्र बिघडलंय. वर नेला, तर आवाज वाढवा. खाली आणला, तर कमी करा. छतावर स्थिर धरला, तर सब ठीक. ही भाषा काकांनी रिळांच्या जमान्यात बसवली होती. त्यांचा स्वतःचा पितळी टॉर्च होता. तो ते घरून आणायचे आणि घरी न्यायचे.

सुरुवातीला दोन्ही केबिनना मिळून चार ऑपरेटर होते. नंतर आम्ही दोघंच उरलो. आणि त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की काकांना कमी ऐकू येतं.

कोणी सांगितलं नाही. मी त्यांच्या पाठीमागून काही बोलले की ते उत्तर द्यायचे नाहीत, समोर आले की द्यायचे. केबिनमधल्या आवाजाच्या यंत्रावर प्रत्येक स्पीकरसाठी हिरव्या दिव्यांची एकेक उभी रांग असते. आवाज जातोय तसे ते दिवे नाचतात. काका ते दिवे बघून आवाज 'ऐकत' होते. इतकं अचूक, की सहा महिने मलाही कळलं नाही. कळल्यावर मी काही बोलले नाही. फक्त दोन्ही हॉलच्या दोन्ही चकरा मी मारायला लागले. "काका, मी खाली चाललेच आहे, तुमचाही हॉल बघून येते." तेही म्हणायचे, "ये बघून." दोन वर्षं हे असं चाललं. आम्ही दोघांनी त्याला कधी नाव दिलं नाही.

पागे सरांचीही ओळख करून देते. ते निवृत्त संस्कृत शिक्षक, राहायला शिंदे की छावनीत, काकांच्या गल्लीच्या पुढच्या गल्लीत, पण दोघांची ओळख फक्त तक्रारवहीपुरती. नऊवारीतल्या आईला घेऊन नाटकाला जाणाऱ्या घरातले, पण यांना वेड परदेशी महानायकांच्या सिनेमांचं. दर नव्या सिनेमाला पहिल्या खेळाला हजर, हिंदी आवृत्तीला, एकटे. आणि दर वेळी तक्रारवहीत नोंद. 'राक्षसाने महानायकास अबे म्हणणे अनुचित.' 'उडणाऱ्या स्त्रीचा आवाज तिच्या वयास शोभत नाही.' वहीतल्या प्रत्येक नोंदीखाली ऑपरेटरने उत्तर लिहायचं, असा नियम आहे. काका न कंटाळता लिहायचे, 'सूचना नोंदवली. आवाज आमचा नाही.'

तो सिनेमा एप्रिलमध्ये आला. पाच महानायकांची एक टोळी, आधीच्या चार सिनेमांत खांद्याला खांदा लावून लढलेली. या वेळी ते एकमेकांवर उलटणार होते. महिनाभर शाळा-कॉलेजांत दोन तट पडले होते. एक तट टोळीच्या नायकाचा, दुसरा त्याच्या सगळ्यात जुन्या मित्राचा. पोरं आपापल्या रंगाचे टी-शर्ट घालून आली होती. सकाळी नऊला मोठ्या हॉलचा खेळ, तो काकांकडे. साडेनऊला छोट्या हॉलचा, तो माझ्याकडे. दोन्हीकडे तोच सिनेमा.

पहिल्या दोन्ही चकरा मी मारल्या. सगळं ठणठणीत होतं. मग मी माझ्या केबिनमध्ये येऊन स्टुलावर बसले आणि अर्धवट राहिलेलं पत्रक पुढे घेतलं. विषय, दोन माणसांकडून चौघांचं काम. चांगलं उतरत होतं. फक्त शेवटचा परिच्छेद राहिला होता. काकांच्या हॉलमधल्या मध्यंतराआधीच्या चकरीची वेळ झाली, हे मला घड्याळात दिसलं. म्हटलं, हे वाक्य संपवून जाते. मग पुढचं वाक्य आलं. मी गेले नाही.

त्याच वेळात मोठ्या हॉलमधल्या मधल्या स्पीकरला जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला.

सिनेमात तेव्हा नेमका तो प्रसंग होता, ज्यासाठी सगळे आले होते. तुटलेल्या पुलावर दोघे मित्र समोरासमोर उभे आहेत आणि आपण का वेगळे होतोय हे एकमेकांना सांगताहेत. पंधरा मिनिटं नुसतं बोलणं, मग हाणामारी. मोठ्या हॉलमध्ये ते बोलणं कोणाला ऐकूच गेलं नाही. वारा घोंघावतोय, लोखंड करकरतंय, दोघांचे ओठ हलताहेत. लोक शिट्ट्या मारत होते, पण पहिल्या खेळाला ते तशाही मारतात. बन्ने भैयांना संशय आला. गेटवर गर्दी, जागा सोडता येईना, म्हणून त्यांनी खालूनच टॉर्च वर नेला. आवाज वाढवा. काकांनी दिवे पाहिले. मधली हिरवी रांग नीट नाचत होती, कारण यंत्रातून आवाज बरोबर निघत होता, पुढे जाऊन मरत होता. काकांनी आवाज वाढवला. वारा दुप्पट झाला. बन्ने भैयांनी पुन्हा टॉर्च वर नेला. काकांनी पुन्हा वाढवला. मग हाणामारी सुरू झाली, आणि पहिल्याच ठोशाला बाहेर कँटीनमधल्या कपबश्या वाजल्या.

त्या आवाजाने मी उठले. खाली पोचेपर्यंत मध्यंतर झालं होतं.

फोयरमध्ये जे चाललं होतं ते मी कधी विसरणार नाही. दोन रंगांचे टी-शर्ट समोरासमोर. कोणालाच भांडणाचं कारण माहीत नव्हतं आणि सगळे त्यावरून भांडत होते.

"पक्का बहन वाला मामला है."

"अबे ज़मीन का है! देखा नहीं, बार-बार नीचे उंगली कर रहा था?"

"पुल की ज़मीन थोड़े ही होती है!"

"अरे तो पुल किसकी ज़मीन पर बना है?"

चंबळच्या या बाजूला दोन जिवलग माणसं फाटली तर लोकांना आधी जमीनच आठवते. खरं कारण सिनेमात वेगळंच होतं. शक्ती देणारं एक यंत्र ठेवायचं की फोडायचं, असं काहीतरी. खरं सांगते, जमिनीचं कारण जास्त पटण्यासारखं होतं.

आणि पागे सर कोपऱ्यात तक्रारवही घेऊन शांतपणे लिहीत होते. 'कलहाचे कारण प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपवण्याचा दिग्दर्शकाचा निर्णय धाडसी व स्तुत्य. प्रथमच मौनाचा इतका प्रभावी वापर.'

मी जिना चढून काकांच्या केबिनमध्ये गेले. ते खुशीत होते. "काय गं, खाली फार जोश आहे ना?"

मी त्यांच्या समोर उभी राहून म्हटलं, "काका, बीचवाला बंद आहे. वीस मिनिटं झाली. डायलॉगच नव्हते."

त्यांनी दिव्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा दिव्यांकडे. त्या दिव्यांनी त्यांना फसवलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मी बघितलं. मग त्यांचे हात चालू झाले. उजव्या भिंतीच्या स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर काढून त्यांनी तो मधल्याला जोडला. सात मिनिटांत. भिंत मुकी झाली, माणसं बोलायला लागली. हे काम त्या शहरात तेवढ्या वेळात दुसरं कोणी केलं नसतं, हेही लिहून ठेवते.

प्रकरण तिथे संपलं नाही. कोणीतरी फोनवर तो मुका पूल टिपला होता आणि दुपारपर्यंत तो सगळीकडे फिरला. वरून फोन आले. सक्सेना साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "कल सुबह तक दोनों लिखकर दो, क्या हुआ. अलग-अलग."

बाहेर पडल्यावर काका म्हणाले, "एक लाईन लिही. मशीन खराब झाली, मध्यंतरात दुरुस्त केली. बस."

"काका, मशीन तर झालीच खराब. पण वीस मिनिटं कळलं का नाही, हे विचारणारच ते."

"तर सांग, दोन माणसांत दोन केबिन."

"ते तर लिहिणारच आहे. पण सगळं लिहायला पाहिजे. तुमच्या कानांचंही." ते थबकले. मी बोलत सुटले. "तीस-पस्तीस वर्षं तुम्ही त्या मशिनींच्या आवाजात बसलात. हा कामामुळे झालेला त्रास आहे. त्यांनी इलाज करून द्यायला पाहिजे, दुसरा माणूस द्यायला पाहिजे. लपवून काय होणार? लपवतो म्हणून तर हे फावतं त्यांचं!"

"माझ्या कानांबद्दल तू नाही लिहिणार."

"काका, हे तुमच्यासाठीच आहे."

"माझ्यासाठी असेल तर मला विचारून लिही ना." त्यांनी मग अगदी हळू आवाजात विचारलं, "चक्कर मारली होतीस?"

मी म्हटलं, "काका, मुद्दा तो नाहीये."

हे वाक्य मी माझ्या तोंडून निघालेलं आजही ऐकते. काकांनी टॉर्च पिशवीत टाकला आणि निघून गेले.

मी दोन पानं लिहिली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक. कमी केलेली माणसं, न बदललेले अ‍ॅम्प्लिफायर, आणि तिसऱ्या मुद्द्यात मोरे काकांचे कान, उपचाराच्या मागणीसह. प्रत साहेबांना दिली आणि एक कँटीनच्या भिंतीवर लावली. त्या दोन पानांत एक वाक्य नव्हतं. मी ते विसरले नव्हते. मी स्वतःला समजावलं की मुद्दा मोठा आहे, आणि एवढ्या मोठ्या मुद्द्यात माझ्या वीस मिनिटांना जागा नाही.

सक्सेना साहेबांनी पानं वाचली आणि मान डोलावली. "बहुत बढ़िया, अश्विनी. इतना साफ-साफ आज तक किसी ने नहीं लिखा." मी अर्धा दिवस हवेत होते.

कँटीनमध्ये आमच्यातच दोन तट पडले. तिकीट खिडकीवरची सुनीता म्हणाली, "सच है तो है, लिखने में क्या?" बन्ने भैयांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मैडम, लड़ना मालिक से था. आपने तो अपने ही आदमी की पोल खोल दी." त्या दिवसापासून कँटीनच्या दोन टेबलांवर दोन पक्ष बसू लागले. वर दोन्ही पडद्यांवर दिवसातून चार वेळा तेच चाललं होतं. फक्त तिथे शेवटी सगळे एक होतात.

माझ्या मुद्द्यांपैकी साहेबांना फक्त तिसरा उपयोगी पडला. दुसरा माणूस आला नाही, अ‍ॅम्प्लिफायर बदलले नाहीत. काकांची कानाची तपासणी मात्र आठ दिवसांत झाली. मग त्यांना सांगण्यात आलं की ऑपरेटरच्या कामाला ते आता योग्य नाहीत, हवं तर गेटवर उभं राहावं. हे सांगताना साहेबांनी टेबलावर माझं पत्र ठेवलं होतं. "आपकी अपनी साथी ने लिखा है, मोरे जी."

मी भांडले. ओरडले. उपचार मागितला होता, हकालपट्टी नाही, असं म्हटलं. साहेब म्हणाले, "पढ़ा मैंने. मांग आपकी है, फ़ैसला हमारा."

काका शेवटचं केबिनमध्ये आले तेव्हा मी तिथेच होते. किल्ल्या त्यांनी हुकाला अडकवल्या. "गेटवर उभं राहायला शरम नाही," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "बन्ने उभा राहतोच आहे. पण मी खाली आणि माझी मशीन वर, हे नाही जमणार." मी काही म्हणणार, तर त्यांनी पाठ फिरवली होती. आणि त्यांच्या पाठीशी बोलून उपयोग नव्हता, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. सोबत त्यांनी फक्त टॉर्च नेला.

दीड वर्ष आम्ही बोललो नाही. मी दोन्ही केबिन एकटी चालवू लागले. चकरा मारायला धावत जायचे, धावत यायचे. पागे सरांच्या नोंदींना उत्तरं मीच लिहायचे, आणि ते वहीत विचारायचे, 'पूर्वीचे उत्तरकर्ते कोठे आहेत?' त्याला मी कधी उत्तर दिलं नाही.

मग सक्सेना साहेबांची बदली झाली. नव्या मॅनेजरने मला केबिनची जुनी कपाटं आवरायला सांगितली. एका फायलीत माझं ते दोन पानी पत्र सापडलं, लाल पेनाने तिसऱ्या मुद्द्याखाली रेघ ओढलेलं. त्याच्या खाली काकांचा खुलासा. तारीख माझ्याच पत्राची. तीन ओळी, त्यांच्या त्या गोल अक्षरात, हिंदीत.

'मशीन में खराबी आई, जो मेरे ध्यान में नहीं आई. अश्विनी ने समय पर हॉल में जाकर जांच की थी, तब आवाज़ ठीक थी. गलती मेरी है.'

मी कपाटाला टेकून खाली बसले. ज्या रात्री मी सत्य लिहीत होते, त्याच रात्री छावनीतल्या एका घरात एक माणूस माझ्यासाठी खोटं लिहीत होता. आणि माझं सत्य अर्धं होतं. त्यांचं खोटं पूर्ण होतं.

त्याच दुपारी टेंपो पकडून मी त्यांच्याकडे गेले. ते ओट्यावर बसून कोणाचा तरी टेबलफॅन उघडत होते. उजव्या कानात ऐकायचं यंत्र होतं. मला पाहून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला नाही.

"काका, त्या दिवशी मी चक्कर मारली नव्हती."

"माहीत आहे." ते स्क्रू फिरवत राहिले. "तुझ्या केबिनचं दार उघडं होतं. तू लिहीत बसली होतीस. पाणी प्यायला निघालो तेव्हा दिसली."

"मग मला हाक का नाही मारली?"

"जोशात होतीस. म्हटलं, लिहून राहू दे पोरगी, आत्ता जाईलच."

मी विचारलं, मग खोटं का लिहिलंत. ते म्हणाले, "दोघांपैकी एकाची नोकरी जाणारच होती. माझी दोनच वर्षं बाकी होती. तुझी किती?"

मी रडायला लागले, तेव्हा त्यांनी पंखा बाजूला सारला. "आता ऐक. तू लिहिलंस ते चूक नव्हतं. माणसं कमी होती, खरं आहे. कान गेले, तेही खरं. पण कान माझे होते, अश्विनी. त्यांच्याबद्दल कधी बोलायचं, कोणापुढे बोलायचं, हे मी ठरवणार होतो. तेवढं तरी माझ्याकडे राहू द्यायचं होतंस." आत पाहून त्यांनी चहा सांगितला. पण 'जाऊ दे, विसरून जा' असं ते म्हणाले नाहीत. मी तशी अपेक्षाही केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक लिहिलं. त्या शुक्रवारी मोठ्या हॉलची मध्यंतराआधीची चक्कर माझी होती, ती मी मारली नाही, आणि माझ्या पत्रात मी ते लिहिलं नाही. खाली सही. नव्या मॅनेजरने 'पुरानी बात है' म्हणून फायलीत टाकलं. दुसरी प्रत कँटीनच्या भिंतीवर लावली. बन्ने भैयांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि चहा घेऊन माझ्या टेबलावर येऊन बसले. आजही मी पत्रकं लिहिते, आणि दोन माणसांकडून चौघांचं काम घेणं आजही चोरीच आहे. आता फक्त पत्रक लावण्याआधी, ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचून दाखवते. कधीकधी तो नको म्हणतो. तेव्हा फार राग येतो. पण लावत नाही.

त्याच टोळीचा पुढचा सिनेमा आला, तेव्हा मी काकांना फोन केला. दोन्ही हॉल माझ्याकडे होते आणि मोठ्या हॉलची मध्यंतराआधीची चक्कर मारायला कोणी नव्हतं.

"तिकीट काढून येईन," ते म्हणाले.

पहिला खेळ, सकाळी नऊ. मध्यंतराला दहा मिनिटं असताना मी काचेला डोळे लावून उभी राहिले. शेवटच्या रांगेत पिवळा उजेड लागला. पितळी टॉर्चचा उजेड असाच असतो, जरा म्हातारा. मी बघत राहिले. तो खाली झुकला. आवाज कमी करा.

मी बटण एक घर खाली आणलं. टॉर्च पुन्हा खाली झुकला. अजून एक घर. मग तो उजेड छतावर गेला, तिथे बराच वेळ स्थिर राहिला, आणि विझला. मी डोळे पुसले, तोवर मीच केलेल्या खुणेवर पडदा काळा झाला.

संध्याकाळी तक्रारवहीत पागे सरांची नोंद होती. 'शेवटच्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ खेळ चालू असताना वारंवार टॉर्च लावतात. त्यांस समज द्यावी.'

मी खाली उत्तर लिहिलं. 'ते आमचे ऑपरेटर आहेत. चक्कर मारत होते.'